मागचा डावा दरवाजा

चष्मेवाल्याची गाडी जाताना कधी बंद पडत नसे. हे आधी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जाताना ती शहाण्या बाळासारखी जायची. येताना मात्र दोनदा बंद पडायची, आणि दोन्ही वेळा ठरलेल्या जागी.

चष्मेवाला म्हणजे पेठेच्या कोपऱ्यावर बसून काचा घासणारा, चष्मे बनवणारा माणूस. डोळ्याला दिसतं तेवढंच खरं मानायचं, आणि एखाद्याला दिसत नसेल तर त्याचा नंबर तपासायचा, असा त्याचा सरळ हिशेब. बायको परगावी नोकरीला, आठवड्याच्या शेवटी यायची. एरवी घरात तो आणि आई. आईची मूत्रपिंडं थकली होती, म्हणून आठवड्यातून दोनदा तिला डोंगरापलीकडच्या शहरात डायलिसिसला न्यावं लागे. एखादी खेप चुकली की पाय सुजायचे. आणखी चुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. म्हणजे आईचा जीव अक्षरशः त्या म्हाताऱ्या गाडीच्या चाकांवर होता.

आणि गाडी तरी कशी म्हणता! पेट्रोलचा काटा कायम मध्यावर, टाकी भरलेली असो की कोरडी ठाक. काच वर राहावी म्हणून लाकडाची पाचर ठोकलेली. वायपर त्याच्या मर्जीनं चालायचा. हँडब्रेक नुसता शोभेला, त्यामुळे गाडी लावली की मागच्या चाकाला दगड लावायचा. मागच्या डाव्या दरवाज्याची आतली कडी कधीच तुटून गेली होती, तो दरवाजा फक्त बाहेरून उघडायचा. गाडी मुळात बाबांची. बाबा असते तर या सगळ्याला त्यांनी खोड्या म्हटलं असतं, बिघाड नव्हे.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ते शहरातल्याच दवाखान्यात गेले. त्या दिवशी नेमकी ही गाडी गॅरेजात पोट उघडून पडलेली, त्यामुळे त्यांना दवाखान्याच्या गाडीतून घरी आणावं लागलं. आईच्या मनातून ते जात नव्हतं. “परक्याच्या गाडीतून यावं लागलं रे त्यांना,” असं ती अधूनमधून म्हणायची, आणि चष्मेवाला काचेवरचा डाग पुसत बसायचा. बाबा या बाबतीत भारी मानी होते. सख्ख्या भावाची गाडी दारात उभी असली, तरी भाऊ “बस” म्हणेपर्यंत हे आपले बाहेर उभे. न बोलावता कुणाच्या गाडीत पाय ठेवला नाही त्यांनी.

तर त्या दोन जागा. शहराकडून चढण संपते तिथं एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्या गंजलेल्या फाटकासमोर गाडी पहिल्यांदा थांबायची. बाबांची रीत ठरलेली होती. बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, मग मागचा डावा दरवाजा सताड उघडायचा. “हवा खेळू दे जरा,” म्हणायचे. तो उघडून स्वतः दुसरीकडे बघत उभे राहायचे. थोड्या वेळानं दरवाजा लावायचा, चावी फिरवायची, गाडी चालू. पुढे उतार लागला की रस्त्याच्या कडेनं दगडी पायऱ्या वर गेलेल्या दिसतात. चांगल्या घडीव पायऱ्या, पण वर घर नाही, नुसतं गवत. तिथं गाडी पुन्हा बंद. पुन्हा तोच दरवाजा उघडायचा, लावायचा, की चालू.

चष्मेवाला हे बघत लहानाचा मोठा झाला. बुटाची नाडी बांधायला शिकावं तसं हेही शिकला. मागच्या डाव्या सीटवर सामान ठेवायचं नाही, हेसुद्धा त्यातच आलं. एकदाच त्यानं विचारलं होतं, दरवेळी इथंच का हो थांबायचं? बाबा म्हणाले होते, “वाटेवरच तर आहे, आपलं काय जातं?”

त्या संध्याकाळी डायलिसिस आटोपून दोघं परत निघाले होते. आई पुढच्या सीटवर शाल गुंडाळून, डोळे मिटून. त्या यंत्रावरून उठली की तिच्यात बोलायचंही त्राण उरत नसे. खाणीच्या फाटकासमोर गाडी नेमानं थांबली. त्यानं फडकं टाकलं, दरवाजा उघडला, हवा खेळू दिली, दरवाजा लावला, चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. नुसती घरघर, आणि तीही विझत चाललेली.

शेवटी त्यानं मेकॅनिकला फोन लावला. या मेकॅनिकला सगळे पाना म्हणायचे, कारण झोपेतही त्याच्या खिशात पाना असतो अशी त्याची ख्याती. पाना मोटरसायकलवरून आला तो नवाकोरा इलेक्ट्रिक पंप बगलेत मारूनच.

“किती दिवस सांगतोय, हा बदला! पण तुम्ही ऐकाल तर शपथ,” असं पुटपुटत त्यानं जुना पंप काढला आणि नवा बसवला. गाडीनं पहिल्या फटक्यात हुंकार भरला. “घ्या! आता ही तुमच्या वडिलांनी सांगितलं तरी थांबायची नाही.”

“आणि उतारावर?”

पानानं हात पुसले. “खरं सांगू? चढावर पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, गाडी थांबते, इथवर माझ्या डोक्यात शिरतं. पण उतारावर ती का बंद पडते हे मला आजवर कळलेलं नाही. असो, गेली पीडा.”

चष्मेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. आता आईची एकही खेप चुकणार नाही, या विचारानंच त्याच्या जिवात जीव आला. उतार लागला. पायऱ्या दिसू लागल्या, आणि आईनं डोळे उघडले.

“थांब.”

“आता नाही थांबायला लागत, आई! नवा पंप आहे.”

“अरे थांब… इथं थांबायचं असतं.”

गाडी सुळकन पुढे गेली. आईनं मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. मग ती सावरून बसली, पदर नीट केला, हात मांडीवर घेतले. गाडीत अनोळखी माणूस असला की ती अशी बसायची. घरी पोचल्यावर उतरता उतरता ती हळूच म्हणाली, “जरा थांबा हं, उद्या बघू.” चष्मेवाल्याला वाटलं, थकव्यानं बरळतेय.

सकाळी तो गाडी पुसायला गेला. बाकीच्या काचा लख्ख होत्या. मागची डावी काच तेवढी आतून धुक्यानं भरलेली. आणि त्या धुक्यात, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, तळहाताएवढी जागा कुणीतरी पुसून घेतली होती. बाहेरचं दिसावं म्हणून पुसतात तशी.

रबर कुठंतरी निसटलं असेल, ओल आली असेल, असं म्हणून त्यानं काच कोरडी केली. दुपारपर्यंत ती पुन्हा भरली. मग त्याच्या ध्यानात आलं की गाडी मागून डावीकडे बसलीय. टायर बघितला, ठीक होता. त्यानं पानाला बोलावून घेतलं. पाना खाली सरपटला, वर आला, डोकं खाजवलं.

“स्प्रिंगचा पाटा ठणठणीत आहे. आतलं सामान काढा ना आधी.”

“आत काही नाहीये.”

“चेष्टा करता होय गरिबाची?” असं म्हणत पानानं आत डोकावलं. सीटवर दगडाची पांढरी पूड सांडलेली होती, आणि सीट मध्यभागी दबलेली. बघता बघता ती दबलेली जागा जराशी सरकली. खूप वेळ एका जागी बसून अवघडलेला माणूस सरकतो ना, तेवढीच. पानानं डोकं बाहेर काढलं. हत्यारं गोळा केली. “शेठ… पंपाचं काही असलं तर बोलवा,” एवढं म्हणून तो पायीच निघाला. मोटरसायकल न्यायला संध्याकाळी भावाला पाठवलं.

पुढच्या खेपेच्या दिवशी आईनं उंबऱ्यातून पाऊल बाहेर टाकायला साफ नकार दिला.

“माणूस गाडीत ताटकळत बसलाय, आणि मी पुढे बसून माझं दुखणं मिरवत जाऊ? नाही यायची मी.”

“कोण माणूस, आई?”

“नाव तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं. खाणीवरचा आहे. त्याला घरी जायचं असतं. आपल्या वाटेवर पडतं, म्हणून सोडायचं. एवढंच.”

“खाण बंद होऊन जमाना झाला! रोज कसला घरी जातो?”

“कामावरचा माणूस रोजच घरी जातो,” आई म्हणाली.

चष्मेवाला चिडला. भीतीनं माणूस चिडतो तसा चिडला. “मग उतरून जावं ना त्यानं! मी काय धरून ठेवलंय?”

आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. “आतली कडी कुठाय त्या दरवाज्याला?”

त्यानं टॅक्सी आणतो म्हटलं, दवाखान्याची गाडी मागवतो म्हटलं, हातापाया पडला, पण आई हटून बसली. आधी त्याला घरी सोड, मग मला ने. ती खेप चुकली. दुसऱ्या दिवशी तिचे घोटे सुजले, त्याच्या पुढच्या दिवशी चेहरा. बोलता बोलता तिला धाप लागू लागली. दुपारी तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तो भरून येईना. त्या खड्ड्याकडे बघता बघता चष्मेवाल्याचा सगळा ताठा गळाला. खरंखोटं गेलं चुलीत, आई जगली पाहिजे. त्यानं किल्ली उचलली आणि एकटाच निघाला.

गाडी जड चालत होती. खड्डा आला की मागून डावीकडे करकरायची. आरशात सीट रिकामी होती. पण सुरुंग उडवल्यावर दगडाला येतो तसा जळका वास, आणि त्यात दिवसभर राबलेल्या अंगाचा घाम. त्यानं काच खाली करायला पाचर काढली नाही. ते उद्धटपणाचं वाटेल असं त्याला वाटलं, आणि असं वाटलं याचंच त्याला नवल वाटलं.

जाताना पायऱ्या उजव्या हाताला येतात. त्यामुळे तो पुढे खाणीपर्यंत गेला, गाडी वळवली आणि उतारानं खाली आला. ऊन उतरलं होतं, डोंगराची सावली रस्त्यावर पसरत होती. पायऱ्यांसमोर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. सगळं एकदम शांत झालं, इतकं की तापलेलं लोखंड थंड होताना टिक… टिक… वाजतं ते ऐकू यायला लागलं.

तो उतरला आणि मागचा डावा दरवाजा उघडला.

काहीच झालं नाही. रिकाम्या गाडीचा दरवाजा धरून आपण उभे, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पाटा कुरकुरला. गाडीची मागची बाजू सावकाश, फार सावकाश वर आली. त्याच्या अगदी जवळून, हाताला वारा लागावा इतक्या जवळून, कुणीतरी गेलं. पहिल्या पायरीवरचं गवत दबलं. मग दुसऱ्या. मध्ये थांबून एक खोल खोकला, छातीत पूड बसलेल्या माणसाचा. मग पुढची पायरी.

वर, जिथं काही म्हणजे काही नव्हतं, तिथं कडी वाजली.

“आलात?” बाईचा आवाज होता. रागावलेला, आणि त्या रागात रडू अडकलेलं. “किती वाट बघायची माणसानं… पोरं न जेवता निजली.”

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. हा त्याचा धंदाच होता, दुसरं काय करणार? वर घर दिसत नव्हतं. पण गवतावर उजेडाचा एक लांबट तुकडा पडला होता, उघड्या दारातून अंगणात पडतो तसा. दार लोटल्यासारखा तो अरुंद झाला, अजून अरुंद झाला आणि मिटला.

त्याच्या अंगावर काटा आला होता, पण ती भीती नव्हती. कुणीतरी घरी पोचलं होतं, आणि ते आपल्या हातानं झालं होतं. एवढी मोठी गोष्ट या खटाऱ्यात बसून बाबा आयुष्यभर करत होते, आणि आपण त्याला गाडीची खोड समजत होतो. तो तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडला.

घरी आला तेव्हा आई दारातच उभी होती, चौकटीला धरून.

“सोडलंस?”

“सोडलं.”

“वर नाही ना गेलास?”

“नाही.”

“बरं केलंस,” आई म्हणाली. “तुझे बाबा एकदा गेले होते वर. माणसं फार चांगली आहेत म्हणाले. पण नंतर कितीतरी दिवस त्यांना आपल्या घराची वाट आठवावी लागायची.”

त्याच रात्री त्यानं आईला दवाखान्यात भरती केलं. जुनं दुखणं, पण वेळेवर आलात म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या दिवशी सूज ओसरली, चेहरा माणसात आला, आणि संध्याकाळी दोघं परत निघाले. चढण चढताना गाडी मस्त गुणगुणत होती. नवा पंप, थांबायचं कारणच नाही. खाणीचं फाटक आलं तसा त्यानं स्वतःहून ब्रेक दाबला. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

तो उतरला. दरवाजा उघडला. आता पंचाईत अशी की किती वेळ थांबायचं? एरवी फडकं टाकण्यात, बॉनेट लावण्यात तो वेळ आपोआप जायचा. गाडी बिघडलेली असायची, त्या निमित्तानं ज्याला बसायचं तो बसून घ्यायचा. आज निमित्तच नव्हतं. नुसतं दार उघडून मख्खासारखं उभं राहणं त्याला बरं वाटेना. म्हणून तो फाटकाकडे बघून, जरा ओशाळून, पण मोठ्यानं म्हणाला,

“बसा.”

आई दचकली. “काय म्हणालास?”

“बसा म्हटलं. घरी सोडायचंय, तर नीट बोलवावं ना माणसाला.”

“आपण असं… कधी बोलावलं नव्हतं रे कुणाला,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

पाटा कुरकुरला. गाडी डावीकडे बसली. दगडाची पूड, घाम, तोच वास. चष्मेवाल्यानं दरवाजा लावायला हात पुढे केला, आणि पाटा पुन्हा कुरकुरला. गाडी आणखी खाली बसली, अगदी संकोचानं, हळूहळू. त्यानं दार पुरतं लावून घेतलं. आईनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं खालची दांडी ओढून आपली सीट पुढे सरकवली, मागच्यांना पाय पसरायला जागा व्हावी म्हणून.

पायऱ्यांशी त्यानं गाडी थांबवली, दरवाजा उघडला. गाडी वर आली, पण अर्धीच. गवत दबत गेलं, वर कडी वाजली, आणि तरी गाडी तशीच कलती उभी. तो दरवाजा धरून उभा राहिला.

“उतरा ना…” तो पुटपुटला.

“चल,” आई पुढून म्हणाली. “लाव दार. मागं बसलेत ते आपल्याच घरचे आहेत.”

त्यानं दार लावलं. गाडी कशी चालवली, वळणं कधी गेली, त्याला काही आठवत नाही. मागून आता दगडाचा वास येत नव्हता, एवढं मात्र त्याला पक्कं आठवतं. घरी आल्यावर त्यानं गाडी दारात लावली, मागचा डावा दरवाजा उघडला, आणि पाटा सैल झाल्याचं ऐकलं. मग तो आईच्या बाजूला गेला. डायलिसिसहून आली की तिला दोन्हीकडून धरल्याशिवाय उतरता येत नसे. त्यानं तिचा एक हात धरला. दुसरा हात तिनं आधीच पलीकडे कुणालातरी दिला होता, आणि तो हात हवेत तसाच, निवांत टेकलेला होता.

“आता मला परतीची काळजी नाही,” आई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं हसू होतं. ते बघून चष्मेवाल्याला इतका आनंद झाला की दुसरा विचार मनात यायला उशीर लागला. हे नुसते घरी आलेत, की कुणाला न्यायला आलेत?

आईला पलंगावर बसवून, पाणी देऊन झाल्यावर त्याला आठवलं की चाकाला दगड लावायचा राहिला. नेहमीच राहायचा. बाबा होते तोवर मग आतून त्यांची हाक यायची, “दगड लावलास का रे?” आणि तो पळत सुटायचा. आज हाक आली नव्हती, तरी तो सवयीनं पळत बाहेर गेला.

दगड लावलेला होता. चाकाच्या मागून, सपाट बाजू टायरला चिकटवून, आणि घट्ट बसावा म्हणून बुटाच्या टोकानं दोनदा सारलेला. मातीत बुटाच्या दोन ताज्या खुणा होत्या, आणि मागचा डावा दरवाजा, जो त्यानं उघडाच टाकला होता, तो नीट लावून घेतलेला होता.